सोनुबाईची फुंकर

"सोनू, दिसाय लागलं गं. पडदा उठला बघ."

हा आवाज ऐकून बावीस वर्षं झाली. तरी निपाणीच्या त्या तंबाखूच्या वखारीत सकाळी चाळण्या हलू लागल्या, की त्यांच्या खस्स-खस्स तालाआडून तो सोनुबाईच्या कानाशी यायचा. तिच्या नवऱ्याचा, सत्याप्पाचा आवाज. बिडीनं भाजलेला, घोगरा, आणि त्या क्षणी मात्र जत्रेत हरवून सापडलेल्या पोरासारखा हरखलेला. सत्याप्पा याच वखारीत पोती वाहायचा. त्या दिवशी तो पोत्याला पाठ लावून खाली बसला होता. डाव्या डोळ्यापुढं अंधार आला होता. सोनुबाईनं पदराचं टोक मुठीत गोळा केलं, त्या बोळ्यात तोंड खुपसून ऊन ऊन फुंकर घातली आणि तो ऊबदार बोळा त्याच्या डोळ्यावर दाबून धरला. चार-पाच मिनिटांत त्याला दिसू लागलं. तो उठला, पोतं पुन्हा खांद्यावर घेतलं आणि साऱ्या वखारीला ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्या बायकोच्या फुंकरीला गुण हाय बरं का!"

तिथून सोनुबाईचं नाव झालं.

तंबाखू चाळायची म्हणजे गर्द्यात बसायचं. नाकातोंडाला फडकं बांधता येतं, डोळ्याला काय बांधणार? बारीक लालसर धूळ पापण्यांवर बसते, घामात कालवते, डोळ्यात उतरते. डोळा चुरचुरला की बाई उठायची ती सोनुबाईपुढं येऊन उकिडवी बसायची. शेजारी पाण्याची घागर असायची, पण घागरीकडं कुणी वळायचं नाही. सोनुबाईची मूठ, सोनुबाईचा पदर, सोनुबाईचा श्वास. बायकांनी तिच्यावर ओवीसुद्धा केली होती. चाळणीच्या तालावर ती आपसूक ओठांवर यायची :

वखारीच्या गर्द्यानं, डोळा माझा गं आंधळा
सोनुबाईच्या पदराला, उजेडाचा गं बोळा

हे नाव तिला लहान नव्हतं. सोनुबाई विहाराच्या गल्लीतली. तिच्या सासूच्या काळी वखारीत पाण्याचे माठ दोन होते, आणि त्यातला कुठला कुणाचा हे न विचारताच सगळ्यांना ठाऊक होतं. पुढं माठ एकच झाला. पण माणसांची मनं एका दिवसात एका माठावर येत नाहीत. ज्या बायका तिच्या डब्यातली चटणी घेताना अजून जराशा घुटमळायच्या, त्याच बायका डोळा चुरचुरला की तिच्या पदरात तोंड लपवायच्या. ती फुंकर म्हणजे तिची मानाची जागा होती.

ही जागा न मानणारं माणूस एकच, आणि ते तिच्याच घरात होतं. तिची लेक उपासना. निपाणीतल्याच एका डोळ्यांच्या दवाखान्यात ती ऑप्टोमेट्रिस्ट होती, म्हणजे नजर तपासणारी, डोळ्याचं मोजमाप जाणणारी. आईच्या चाळणीवर ती शिकली होती आणि आईशी भांडायला ते शिक्षण हक्कानं वापरायची.

"आई, आपल्या तोंडातले जंतू दुसऱ्याच्या डोळ्यात जातात गं. स्वच्छ पाण्यानं धुवा म्हणून सांग त्यांना."

"तुझं शिकणं खरं बाई. पर माझ्या फुंकरीनं आजवर कुणाचा डोळा गेलाय?"

यावर उपासना पर्स उचलून दवाखान्याला निघायची.

त्या प्रश्नाचं उत्तर सोनुबाईकडं होतं. ती ते बावीस वर्षं गिळून बसली होती.

सत्याप्पाच्या डोळ्यापुढचा पडदा उठला, त्याच्या आठव्या दिवशी सकाळी तो चहाची बशी उचलायला गेला आणि बशी त्याच्या उजव्या हातातून सुटली. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. लोक म्हणाले, अंगावरनं वारं गेलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "याआधी यांना काही झालं होतं का? डोळ्यापुढं अंधारी, हाताला मुंग्या?" सोनुबाई म्हणाली, "न्हाय सायेब. धडधाकट होता माणूस."

पाच महिन्यांनी सत्याप्पा गेला. उपासना तेव्हा नऊ वर्षांची होती. आणि वखारीतल्या बायका, दुःखातून सावरायला म्हणून, सोनुबाईला पुन्हा फुंकर घालायला बोलवू लागल्या.

*

यंदाच्या माघातली गोष्ट. दिवस कलता झाला होता. शेजारच्या यमगर्णी गावाकडच्या अकरा बायकांना घरी न्यायला मारुतीरावांचा टेम्पो वखारीच्या दारात लागला. मारुतीराव पंचावन्नचे, भरल्या अंगाचे, जिभेवर कायम काहीतरी गंमत. त्यांच्या आईनं हयातभर सोनुबाईच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. मारुतीराव मात्र रोज तिच्या डब्यातलं झुणक्याचं बोट चाटून जायचे आणि वर म्हणायचे, "आमच्या घरी सांगू नगा आक्का, न्हायतर बायको माझी भाकरी तुमच्याकडंच पाठवून देईल."

त्या दिवशी ते उतरले ते उजव्या डोळ्यावर हात ठेवून.

"आक्का, जरा फुंकर घाला बघू. गर्दा गेलाय वाटतं."

"या, बसा," असं म्हणून सोनुबाईनं सवयीनं पदर गोळा केला. "खुपतंय काय?"

"खुपत न्हाय. पाणीबी न्हाय. तुमच्या दारात टेम्पो वळवला आन् वरनं पडदा सोडल्यागत झालं. या डोळ्यानं कायच दिसंना."

सोनुबाईची मूठ पदरातच थांबली. पण बायका बघत होत्या. तिनं बोळ्यात फुंकर घातली, पण श्वास नीट येईना. बोळा मारुतीरावांच्या डोळ्यावर ठेवला. कुणीतरी ओवी धरली. दोन मिनिटं, तीन, चार.

मारुतीरावांनी तिचा हात बाजूला केला, डोळा उघडला, वखारीच्या छपरापासून तिच्या चेहऱ्यापर्यंत पाहिलं आणि हसले.

"दिसाय लागलं आक्का. पडदा उठला बघा."

तेच शब्द. बायका हसल्या. चाळण्या पुन्हा हलल्या. सोनुबाईच्या हातातला पदर सुटून खाली आला.

"ह्याच्या आधी झालतं का असं?" तिनं हळूच विचारलं.

"परवा दाढी करताना. आरशात माझं निम्मं त्वांडच न्हाई. म्हटलं, बरं झालं, तेवढीच दाढी कमी. आपोआप गेलं की ते."

अकरा बायका डबे गोळा करून टेम्पोकडं निघाल्या होत्या. सोनुबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग हमरस्त्याकडं, जिथून पुण्याहून बंगळूरला जाणाऱ्या गाड्या धाडधाड पळत होत्या.

"आज बसनं जावा गं सगळ्या," ती म्हणाली. "टेम्पो मला पायजे."

"आं? तुमास्नी कशाला?" मालुबाई कुरकुरली. ती सगळ्यांत पुढं, चांगली जागा धरायला निघालेली.

"माझा डोळा दुखतोय. मारुतीराव मला उपासनाकडं पोचवत्यात."

"मग बसा की म्होरं," मारुतीराव दार उघडत म्हणाले.

"टेम्पोत मला मळमळतंय. चालत जाऊया. किल्ली काढा आन् खिशात ठेवा."

"तुमास्नी टेम्पो पायजे, पर टेम्पोत बसायचं न्हाय?"

"व्हय. तसंच हाय."

वखारीतली बाई असं बोलली की वाद घालण्यात अर्थ नसतो, एवढं मारुतीरावांना वीस वर्षांत कळलेलं होतं. ते तिच्या मागून निघाले.

*

दवाखान्यात पोचल्यावर सोनुबाईनं तपासायच्या खुर्चीकडं बोट केलं आणि मारुतीरावांना तिच्यात बसवलं.

"आवो, डोळा तुमचा दुखतोय."

"माझा बरा झाला. आता तुमचा बघू दे तिला."

उपासनानं एकदा आईकडं पाहिलं, एकदा मारुतीरावांकडं. समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. मारुतीरावांनी एकेक डोळा झाकून शेवटची ओळसुद्धा खडखडीत वाचली, आणि पाटीच्या तळाशी छापखान्याचं नाव होतं तेही वाचून दाखवलं.

"बघ पोरी. गरुडाची नजर हाय. जाऊ आता?"

"थांबा मामा. अंधार आला तेव्हा एकाच डोळ्याला आला, का दोन्हीला?"

"उजव्या."

"दुखलं?"

"अजाबात न्हाय."

"डोळ्यासमोर कण तरंगत होते, का वरून पडदा उतरला?"

"पडदा. आन् पाच मिनटांत गेला. तुझ्या आईनं फुंकर घातली न्हवं."

उपासनाचा पेनावरचा हात थांबला. तिनं आत जाऊन डॉक्टर तेजस्वी मॅडमना बोलावलं. मॅडमनी डोळ्यात थेंब घातले, अर्ध्या तासानं बाहुली मोठी झाल्यावर आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, तपासला. बराच वेळ पाहत राहिल्या. मग उपासनालाही पाहायला लावलं. बाहुलीच्या पलीकडं, केसाएवढ्या एका रक्तवाहिनीला जिथं फाटा फुटतो तिथं, एक पिवळसर चमकणारा ठिपका अडकला होता.

"कण आहे खरा," मॅडम म्हणाल्या. "पण तंबाखूचा नाही. तो बाहेरून आलेला नाही, आतून आलाय. मानेतून."

"मानेतनं?" मारुतीराव हसायला निघाले होते, ते थांबले. "डोळा वर, मान खाली. डोळ्याचं दुखणं मानेत कसं असंल?"

उपासनानं स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली.

"मामा, तुमच्या उसाला ठिबक आहे ना?"

"हाय की. दोन एकर."

"ठिबकचं एखादं भोक बंद पडलं तर काय करता?"

"टाचणीनं टोचतो. न्हायतर आपटतो. सुटतं."

"आणि दोन दिवसांनी पुन्हा बंद पडलं, शेजारचंही पडलं, तर?"

मारुतीराव शेतकरी माणूस. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. "तर मोठ्या पाइपात खार धरलाय. तो आतनं साफ कराय पायजे. नुसतं टोचून काय उपेग?"

"मानेत दोन्ही बाजूंना एकेक मोठा पाइप आहे. तोच डोळ्याला रक्त देतो, तोच मेंदूला. बिडी, वाढलेला रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी, वय, यानं आतून त्याच्यावर थर धरतो. पाइप अरुंद होतो. थराचा एखादा कपचा सुटला, की तो रक्ताबरोबर वर जातो. डोळ्याकडं गेला तर डोळ्यापुढं पडदा येतो. बहुतेक वेळा तो कपचा पुढं सरकतो किंवा विरघळतो, पडदा उठतो, आणि आपण म्हणतो, बरं झालं."

"मग बरंच झालं की."

"पुढचा कपचा डोळ्याकडं जाईल, का मेंदूकडं, हे तुम्ही ठरवणार आहात का मामा?"

थेंबांमुळं मारुतीरावांना सगळं अंधुक, उजेडाचं वलय धरलेलं दिसत होतं. त्या अंधुकात ते सोनुबाईचा चेहरा शोधत होते.

"शिकल्याली माणसं शंका लई काढत्यात," ते शेवटी म्हणाले. "परवा आपोआप गेलं, आज आक्काच्या फुंकरीनं गेलं. वखारीत सीझन चालू हाय. हुरूपानं चाललंय सगळं. संक्रांतीपास्नं एक खाडा न्हाय माझा. बघू पुढच्या म्हैन्यात."

"फुंकर घातली नसती तरी पाचव्या मिनिटाला दिसलंच असतं," उपासना म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "आई, तू तरी सांग त्यांना. तुझं ऐकतील ते."

सोनुबाई दाराशी उभी होती. तिच्या ओठांवर बावीस वर्षांपूर्वीची सकाळ आली. चहाची बशी आली, फुटलेला तिचा काठ आला. ती सगळी तिनं पुन्हा एकदा गिळली आणि एवढंच म्हणाली, "मारुतीराव, आज जावा. उद्या न्हाय. आज."

मारुतीराव तिच्याकडं बघत राहिले. मग मान हलवली. "आक्का म्हणत्यात म्हणजे जातो. सौरवला फोन लाव पोरी, गाडी घेऊन येऊ दे त्याला."

मॅडमनी गोळी दिली, चिठ्ठी लिहिली, बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात फोन करून ठेवला. मारुतीरावांचा मुलगा सौरव अर्ध्या तासात आला. गाडी हमरस्त्याला लागली. रस्त्याकडेला उभं राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत असलेल्या आईला उपासनानं विचारलं, "तुला कसं कळलं गं, की हा गर्दा नाही?"

"ऐकलंय कुठंतरी," सोनुबाई म्हणाली.

*

बेळगावात मारुतीरावांच्या मानेची सोनोग्राफी झाली. रक्त कसं वाहतं ते दाखवणारी, डॉपलर म्हणतात ती. नर्स कन्नडमध्ये विचारत होती, मारुतीराव मराठीत सांगत होते, आणि दोघांनाही सगळं कळत होतं. उजव्या बाजूची धमनी शंभरातले ऐंशी भाग बुजलेली निघाली. रक्त तिच्यातून जात होतं ते अरुंद बोळातून गर्दी सरकावी तसं. आणखी तपासण्या झाल्या, आणि सहाव्या दिवशी शस्त्रक्रिया करून डॉक्टरांनी धमनीतला थर काढला. सौरवनं फोनवर उपासनाला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, डोळ्यानं चिठ्ठी पाठवली होती, तुम्ही ती वाचली. बहुतेक लोक वाचत नाहीत."

बहुतेक लोक वाचत नाहीत. वाचकहो, आपण खरंच वाचत नाही. दुखतं तेव्हा आपण दवाखान्यात जातो, जे दुखत नाही त्याला आपण दुखणंच मानत नाही. डोळ्यापुढं अंधार आला आणि गेला, तर तो गेला याचाच आनंद. कुणी दोष उन्हाला लावतो, कुणी पित्ताला, कुणी रात्रीच्या जागरणाला. आणि निपाणीत तर लावायला गर्दा आहेच. गाडी पुढं चालू राहते. घरी सांगत नाही, कारण घरची काळजी करतील. कामावर सांगत नाही, कारण काम जाईल. अशी किती माणसं वेळेवर आलेल्या निरोपाकडं पाठ करून आठ दिवस हसत जगली असतील, आणि मग नववा दिवस त्यांना मिळाला नसेल.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी भाकऱ्या थापताना उपासनानं विचारलं, "आई, बाबांना आधी काही झालं होतं का गं? असं डोळ्याला वगैरे?"

तवा तापला होता. सोनुबाईनं भाकरी उलटली. "पीठ संपत आलंय बघ," ती म्हणाली. "उद्या दळण टाकाय पायजे."

उपासनानं पिठाचा डबा उघडून पाहिला, तो निम्मा भरलेला होता.

*

दीड महिन्यानं मारुतीराव वखारीत आले. टेम्पो सौरव चालवत होता. मारुतीरावांच्या मानेवर उजव्या बाजूला वीतभर व्रण होता, गळ्यात नवा पंचा होता, आणि हातात बेळगावच्या कुंद्याचा मोठा डबा. दुसऱ्या काखेत कागदात गुंडाळलेलं हिरवं इरकली लुगडं.

त्याच दिवशी उपासनाही वखारीत आली होती. झाल्या प्रकारानंतर तिनं आणि मॅडमनी मालकांकडून परवानगी काढली होती. वखारीतल्या सगळ्या बायकांचे डोळे, रक्तदाब आणि साखर तपासायची. पोत्यांच्या थप्पीवर तिनं अक्षरांची पाटी टांगली होती आणि खालच्या ओट्यावर यंत्र मांडत होती. तिच्यापुढं अजून कुणी आलेलं नव्हतं. बायका आधी मारुतीरावांभोवती गोळा झाल्या.

"बिडी सुटली का न्हाय?" कुणीतरी विचारलं.

"सुटली. आता नुसता वास घेतो तुमच्यात येऊन. त्यालाबी डाक्टर न्हाय म्हणतोय." मारुतीरावांनी डबा उघडला. कुंद्याचा खरपूस वास गर्द्यात मिसळला. मग ते सोनुबाईपुढं आले, लुगडं तिच्या हातात ठेवलं आणि सगळ्यांकडं वळून म्हणाले, "ऐका गं. बेळगावात मोठं मोठं डाक्टर हायेत, त्येंनी मान कापली, शिवली, सगळं खरं. पर मला त्या दिवशी डोळा कुणी दिला? ह्या बाईच्या फुंकरीनं. आमच्या आईनं हिच्या हातचं पाणी घेतलं न्हवतं. मी हिच्या श्वासावर जगलो. हे मी आता गावभर सांगणार."

बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या पडल्या. कुणीतरी ओवी धरली आणि बाकीच्यांनी उचलली :

सोनुबाईच्या पदराला, उजेडाचा गं बोळा

सोनुबाईनं आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते तिच्या हातात होतं. हिरवं, मऊ, जरीच्या काठाचं. तिच्या सासूला हे दिसायला हवं होतं.

तेवढ्यात मालुबाई गर्दीतून पुढं आली आणि तिच्यापुढं उकिडवी बसली. तिनं ओट्याकडं, पाटीकडं, उपासनाच्या यंत्राकडं पाहिलंही नाही.

"आक्का, मलाबी घाला एक फुंकर. पंधरा दिस झालं. उन्हातनं आत आलं की ह्या डाव्या डोळ्याला लई वेळ नुसतं पांढरं पांढरं दिसतंय. आन् परवा तर पार अंधारच झालता, पाचेक मिनटं. म्हटलं, आता सोमवारी आक्का भेटंलच. कशाला कुणाला सांगायचं?"

ओवी चालूच होती. मालुबाईनं चेहरा वर केला, डोळे मिटले आणि वाट बघू लागली.

सोनुबाईनं तिच्या मिटलेल्या पापण्यांकडं पाहिलं. पापण्यांवर लाल गर्दा होता. तिला वाटलं, आपण पदर उचलला तर ही बाई हसत घरी जाईल. आपलं नाव आणखी मोठं होईल. आणि आठ दिवसांनी कुणाच्या तरी घरात चहाची एक बशी हातातून सुटेल.

तिनं लुगडं मारुतीरावांच्या हातात परत दिलं.

"ओवी थांबवा," ती म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नव्हती, पण चाळण्या थांबल्या. एवढ्या वर्षांत त्या ओवीला तिनं कधी अडवलं नव्हतं.

"मारुतीराव, तुमास्नी माझ्या फुंकरीनं दिसलं न्हाय. तुमचा डोळा आपल्या आपण उघडला. मी फुंकर घातली नसती तरी उघडला असता. पोरगी खरं सांगत हुती."

"आसं कसं म्हणता आक्का?" मारुतीराव गोंधळले. "तुमीच तर मला धरून नेलासा. तुमास्नी कळलं कसं मग?"

उपासनानं हातातलं यंत्र खाली ठेवलं. हाच प्रश्न तिनं रस्त्याकडेला विचारला होता.

सोनुबाईनं आधी मारुतीरावांकडं पाहिलं नाही. तिनं लेकीकडं पाहिलं, आणि मग बोलू लागली.

"कारण मी ते आधी ऐकलंय. ह्या पोत्यापाशी. उपासना, तुझ्या बापाच्या डोळ्याला असंच झालतं. एकदा न्हाय, तीनदा. तिन्ही बारीला मी पदराचा बोळा लावला, तिन्ही बारीला पडदा उठला, आन् तो हरखून सगळ्यास्नी सांगत सुटला. माझं नाव तिथनं झालं बघ. तुमी गाताय ती ओवी तिथनं आली. आठव्या दिवशी त्याचं अंग गेलं. डाक्टरनी मला इचारलं, आधी काय झालतं का? मी न्हाय म्हटलं. भ्या वाटलं. लोक म्हणतील, हिच्या फुंकरीनं नवरा गेला. ती फुंकर गेली असती तर माझ्याकडं काय ऱ्हायलं असतं गं?"

उपासना हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ती पुसत नव्हती.

"माझ्या फुंकरीनं तो गेला न्हाय, एवढं आता मला तुझ्यामुळं कळतंय," सोनुबाई म्हणाली. "फुंकर कुणाला मारत न्हाय. पर ती माणसाला घरात बसवून ठेवती. डोळा उघडला म्हणजे दुखणं गेलं असं न्हाय. जे आपोआप येतंय आन् आपोआप जातंय, ते काहीतरी सांगाय आल्यालं असतंय. ते त्याच दिवशी सांगायचं. घरात सांगायचं, डाक्टरला सांगायचं. गर्दा गेला तर घागरीतल्या पाण्यानं धुवायचा. आन् अंधार आला तर पाय उचलायचा. आजपास्नं ह्या वखारीत माझा पदर कुणाच्या डोळ्याला लागणार न्हाय."

मालुबाई अजून उकिडवी बसली होती. डोळे आता उघडे होते, टक्क.

सोनुबाई तिच्यासमोर खाली बसली. तिचा हात हातात घेतला. अजून एक गोष्ट राहिली होती. ती तिनं डॉक्टरांना सांगितली नव्हती, लेकीला नाही, विहारात डोळे मिटून बसताना स्वतःलाही नाही.

"तिसऱ्या बारीला तुझा बाप म्हणला हुता, उपासना," ती म्हणाली. तिचा हात मालुबाईच्या हातात होता आणि आवाज लेकीसाठी. "म्हणला, सोनू, एकदा दवाखान्यात दाखवूया का? तो जाणार हुता. चप्पल घातलं हुतं त्यानं. आन् मी हसून म्हटलं, कशाला? माझी फुंकर हाय की." ती उभी राहिली आणि मालुबाईचा हात तिनं सोडला नाही. "ऊठ माले. चप्पल घाल. मी येते तुझ्यासंगं."